अपयशातून माणूस आपोआप शिकत नाही

मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल आले की मोबाईलवर एक वाक्य हमखास फिरतं: ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याचं गणित राहिलंय त्या पोराला हे वाचून आज संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही. हा प्रश्न निकालांपुरताही नाही. स्पर्धा परीक्षेच्या यादीत पुन्हा नाव नसतं, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला भाड्याचा गाळा रिकामा करून द्यावा लागतो, ठरलेलं लग्न मोडतं, कर्ज काढून लावलेलं डाळिंब रोगानं जातं. सगळ्यांच्या वाट्याला तेच एक वाक्य येतं.

मानसशास्त्रज्ञ गेली पन्नासेक वर्षं हा विषय तपासताहेत. त्यांच्या कामातून जे दिसतं ते या वाक्याला फारसं सोयीचं नाही. अपयश आपल्याला शिकवायला बसत नाही. ते थोडी माहिती मागे टाकून जातं, आणि ती उचलायची वेळ येते तेव्हाच आपलं मन तोंड फिरवतं. ते का फिरवतं, आणि तरीही कामाचं ते कसं काढून घ्यायचं, हे बघू.

दोनच पर्याय, तरी उत्तर आठवेना

२०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी पाच प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत एकूण १,६७४ लोक होते. पद्धत साधी. प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय. उत्तर दिल्यावर काहींना सांगितलं, ‘बरोबर’. काहींना सांगितलं, ‘चूक’. आता पर्यायच दोन असतील तर ‘चूक’ ऐकल्याबरोबर बरोबर कुठलं ते कळतंच. म्हणजे माहिती दोघांना सारखीच मिळाली. तरी नंतर त्याच गोष्टींवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ‘चूक’ ऐकलेल्यांच्या डोक्यात कमी उरलं होतं. शिकण्यासाठी बक्षीस ठेवलं तरी फरक पडला नाही. आपण आधी कुठला पर्याय निवडला होता, हेसुद्धा त्यांना कमी आठवत होतं.

कारण ओळखीचं आहे. ‘चूक’ म्हटलं की आधी अभिमान दुखावतो, आणि दुखावलेला माणूस लक्ष काढून घेतो. शाळेत सरांनी सगळ्या वर्गासमोर झापलं, मग फळ्यावर नीट समजावून सांगितलं. आज त्यातलं काय आठवतं? झापलेलं.

याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली आणि मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते. चूक दुसऱ्याची असली की लोक तिच्यातून व्यवस्थित शिकले, दुसऱ्याच्या यशातून शिकतात तितकेच. म्हणजे बुद्धी जागेवरच होती. मध्ये अब्रू आली म्हणून ती चालेना. पुढचे बरेचसे उपाय या एका फटीतूनच आत शिरतात.

‘मग सराव करताना चुकायचंच नाही का?’ असं कुणी विचारेल. तसं नाही. बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की ज्या उत्तराची पक्की खात्री होती तेच चुकीचं निघालं, तर दुरुस्ती उलट जास्त घट्ट बसते. घरात बसून जुना पेपर सोडवताना झालेली चूक आणि चारचौघांत झालेली फजिती या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जितकी होईल तितकी चांगली.

तुटलेला धागा, चुकलेलं कार्ड, कच्चं सूत

आता पुढचा प्रश्न: माहिती उचलायची म्हणजे नेमकी कुठली? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी यावर आयुष्यभर काम केलं. माणूस आपल्या यशापयशाची जी कारणं लावतो, त्याला आपण ‘कारणमीमांसा’ म्हणू. वायनर म्हणतात, कुठल्याही कारणाला तीन प्रश्न विचारा. ते माझ्यात आहे की बाहेर? ते तात्पुरतं आहे की टिकून राहणारं? आणि ते माझ्या हातातलं आहे का?

हे नुसतं वाचून डोक्यात राहत नाही, म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात जाऊ. यंत्रमागावर चादर विणली जातेय, खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चादरीत दोष निघाला. तो तीन तऱ्हांनी येऊ शकतो. एक, उभा धागा तुटला. विणकर माग थांबवतो, धागा सांधतो, माग पुन्हा चालू. दोष तेवढ्या जागेपुरता. दोन, जुन्या पद्धतीच्या जेकार्ड यंत्रावर नक्षीसाठी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात, त्यातल्या एका कार्डावर भोक चुकीच्या जागी पडलंय. मग नक्षी जितक्या वेळा फिरून येईल, तितक्या वेळा त्याच फुलाची तीच पाकळी बिघडणार. कितीही धागे सांधा, उपयोग नाही. कार्ड बदलावं लागतं. तीन, सूतच कच्चं आलंय. ते पदोपदी तुटतं. माग चांगला, कार्ड चांगलं, विणकराचा हात चांगला, तरी माल खराब.

दोष बघून ‘माग भंगारात काढा’ असं कुणीच शहाणा मालक म्हणत नाही. आधी दोष कुठल्या जातीचा ते बघतो. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या झटक्यात मागच भंगारात काढतो: ‘आपल्याला गणित येतच नाही.’ वायनरच्या तीन प्रश्नांची याहून वाईट उत्तरं नाहीत. कारण माझ्यात, कायमचं, आणि माझ्या हाताबाहेरचं. जो हे मनाशी धरून बसला तो पुढच्या परीक्षेला अभ्यास कशाला करेल?

उलट टोकही आहे. ‘पेपरच बेकार काढला होता.’ कारण बाहेरचं आणि तात्पुरतं. याने रात्री झोप लागते, पण सकाळी करायला काही उरत नाही.

खरं कारण बहुतेक वेळा मधे कुठेतरी असतं आणि ते बघायला कागद लागतो. दहावी-बारावीच्या पोरांसाठी हा कागद अक्षरशः मिळतो. बोर्डाकडे अर्ज करून, फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. आपल्याकडे ती मागतात मुख्यतः गुण वाढवून मिळतील या आशेनं, आणि वाढले नाहीत की कपाटात टाकतात. माझ्या मते तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. शेवटचे दोन प्रश्न कोरे आहेत का? म्हणजे वेळ पुरला नाही. तुटलेला धागा, घड्याळ लावून सराव केला की सांधला जातो. भूमितीची प्रत्येक सिद्धता पहिल्या दोन ओळींनंतर थांबली आहे का? ते चुकलेलं कार्ड. नववीपासून तिथं भोक आहे आणि ते बदलल्याशिवाय पुरवणी परीक्षेतही तीच पाकळी बिघडणार. वर्षाच्या मध्यावर शिक्षकच बदलले, तास झालेच नाहीत? कच्चं सूत. त्याला पोराचा इलाज नाही, पण दुसरीकडून सूत आणायची सोय घरच्यांना करता येईल.

कारण बदलून बघितल्यानं खरंच काही होतं का? १९८२ मध्ये विल्सन आणि लिनविल या दोघांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पहिल्या वर्षाला मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना एवढंच दाखवलं की पहिलं वर्ष बऱ्याच जणांना जड जातं आणि पुढे गुण सुधारतात. नंतर त्यांच्यात कॉलेज सोडणारे कमी निघाले आणि गुणही सुधारले. प्रयोग छोटा होता, ४० विद्यार्थ्यांचा, त्यामुळे त्याच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. दिशा मात्र पुढच्या कामातही साधारण हीच दिसत राहिली.

सगळंच आपल्या माथी का घ्यायचं?

सोलापुरात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. ‘जुनी मिल’ ही इथली कापड गिरणी साठच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू गिरणी नव्वदच्या दशकात. हजारो घरांतला पगार थांबला. कुणी रिक्षा घेतली, कुणी पानटपरी टाकली, बायका विड्या वळत होत्याच, त्या आणखी वळायला लागल्या. अशा घरांत वाढलेल्या कित्येकांनी पाहिलं असेल की गिरणी बंद पडली तेव्हा बापाला वाटायचं आपणच कमी पडलो. भोंगा बंद झाला तो त्याच्या हातांनी नव्हे. बाजार, जुनी यंत्रं, कर्जं, कारभार, सरकारी धोरण, सगळं त्यात होतं. तरी लाज त्याच्या वाट्याला आली.

जे आपलं नाही ते आपल्या नावावर लिहून घेणं हाही खोटा हिशेबच. आणि खोट्या हिशेबातून शिकणार काय? पेपर फुटल्यामुळे परीक्षा रद्द झाली, गारपिटीनं द्राक्ष गेलं, कंपनीनं सगळा विभागच बंद केला, तर ‘मी कुठे चुकलो’ हा प्रश्न फार वेळ विचारू नये. ‘आता काय करता येईल’ हा प्रश्न मात्र तिथंही शिल्लक राहतो. चूक कुणाची आणि पुढची जबाबदारी कुणाची, ही दोन खाती वेगळी ठेवली की डोकं बरंच हलकं होतं.

उगाळणं आणि तपासणं

‘मी तर सारखा त्याच गोष्टीचा विचार करतोय, मग अजून शिकलो कसा नाही?’ ही तक्रार फार जणांची असते. एकच गोष्ट मनात उगाळत राहण्यावर मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी बरंच संशोधन केलं. उगाळत बसणाऱ्यांचं नैराश्य जास्त काळ टिकतं आणि प्रश्न सोडवण्याची ताकद कमी होते, असं त्यांना आढळलं. उगाळताना आपण विचार करतोय असं वाटतं, पण तो गोल गोल फिरतो. खूण सोपी: उगाळण्यातले प्रश्न मोठे आणि धूसर असतात. ‘माझंच असं का होतं?’ ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे का?’ तपासण्यातले प्रश्न लहान आणि रोखठोक असतात. ‘कुठल्या आठवड्यात बिघडायला लागलं?’

एक उदाहरण जरा जवळून बघू. समजा, जुळे सोलापुरातल्या एका वहिनींनी घरून शेंगा चटणीचा धंदा सुरू केला. उखळात कुटलेली, लसूण-जिरं घातलेली, चवीला नाव ठेवायला जागा नाही. वर्षभरात धंदा बसला. रात्री भांडी घासताना मनात एकच: ‘माझ्याच्यानं काय होणार नाही. नवरा म्हणत होता तेच खरं.’ आता त्यांनी वही घेतली आणि असं लिहिलं, तेही ‘मी’ न म्हणता, जणू मैत्रिणीची हकीकत लिहितोय:

‘हिनं नवी पेठेत दोन दुकानांत माल जांगड, म्हणजे विकला तरच पैसे या बोलीवर, ठेवला. पहिले दोन आठवडे पाकिटं गेली. तिसऱ्या आठवड्यात पाकिटांना बाहेरून तेल लागलं, लेबलं चिकट झाली, गिऱ्हाईक हात लावेना. चटणी चांगली म्हणूनच तेल सुटलं होतं. प्लास्टिक पातळ होतं. श्रावणात शेंगदाण्याचा भाव चढला. पाकिटाची किंमत दिवाळीपर्यंत तीच ठेवली, कारण दुकानदाराला वाढवून सांगायची लाज वाटली. एका दुकानाची उधारी थकली. ती मागायला कोण जाणार हे ठरलंच नव्हतं, म्हणून कुणीच गेलं नाही.’

या पानावर ‘माझ्याच्यानं होणार नाही’ कुठंच नाही. पातळ प्लास्टिक आहे, वेळेवर न वाढवलेली किंमत आहे, कुणाच्याच नावावर नसलेली वसुली आहे. पहिलं बदलायला होलसेल दुकानात एक फेरी पुरे. दुसरी आणि तिसरी मात्र एकाच कार्डावरची भोकं आहेत: पैशाचं बोलायची लाज. ती या धंद्यात आडवी आली, पुढच्याही धंद्यात येईल. हे कळणं चटणीच्या नफ्या-तोट्यापेक्षा मोलाचं. आणि शेजारीण बसलीच असती जवळ, तर तिनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं, ‘अहो वहिनी, पाकीट बदला की.’ दुसऱ्याचं दिसतं, ते असं.

स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं, आपलंच नाव घेऊन बोलण्यावर मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी प्रयोग केले आहेत. ‘मी असं का केलं’ याऐवजी आपलं नाव घेऊन विचार केला तर ताण कमी होतो, डोकं थंड राहतं असं त्यांना दिसलं. लिहिण्याचंही तसंच. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ पासूनच्या प्रयोगांत लोकांना मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. लिहिताना बरं वाटत नाही, उलट जड होतं. फायदा नंतरच्या आठवड्यांत दिसतो, आणि तो सगळ्यांना सारखा होत नाही. पण एका वहीची किंमत बघता करून बघायला हरकत नाही.

‘असे लाड केले तर पोरं बिघडतील’

घरातल्या मोठ्यांचा हा आक्षेप असतोच. निकालाच्या संध्याकाळी काका घरात येतात, चप्पल काढायच्या आधीच: ‘काय बे, परत राहिलं का? तुझ्या चुलतभावाला बघ, मोबाईलला हात लावत नव्हता.’ काकांचा विश्वास असा की टोचलं की पोरगं पेटून उठतं.

ब्राइन्स आणि चेन या दोघींनी २०१२ मध्ये हेच तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली, त्यात बहुतेकांची वाट लागली. मग एका गटाला सांगितलं, ही परीक्षा अवघड आहे, बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. दुसऱ्या गटाचा अभिमान वाढवला: तुम्ही इथवर आलात म्हणजे हुशारच असणार. तिसऱ्याला काहीच नाही. मग पुढच्या परीक्षेची तयारी करायला मोकळं सोडलं. सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं. ‘तू हुशारच आहेस’ ऐकलेल्यांनी नव्हे. दोन वर्षं आधी कॅनडातही असंच काहीसं दिसलं होतं: पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली.

स्वतःशी नरमाईनं वागण्याला क्रिस्टिन नेफ यांनी २००३ च्या सुमारास शास्त्रीय चौकट दिली. त्यात चूक झाकायची नसते. चूक आहे तेवढीच बघायची, स्वतःला शिव्या न घालता. टोचणीनं पोरगं उठतं ते काकांसमोरून. जाऊन बसतं मित्राच्या टपरीवर. पुस्तकाकडे नाही.

मग मोठी माणसं अपयशातूनच घडली, ते खोटं का?

सोलापूरकरांकडे यासाठी हक्काचं नाव आहे, उद्योगपती वालचंद हिराचंद. जन्म १८८२ चा, इथलाच. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि तो दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. भाषणांत सहसा एवढंच येतं. ती बोट चार वर्षांत भंगारात निघाली, ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाचा श्वास कोंडला, आणि १९२३ च्या करारानं कंपनीला परदेशची वाट सोडून किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं, हे कमी सांगितलं जातं. पुढे बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणची गोदी, मोटारी. म्हणजे गोष्ट खरी आहे.

पण तिच्या शेजारी दुसरी ठेवून बघा. तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै. त्यांनी वालचंदांच्या आधी, १९०६ मध्ये, स्वदेशी बोट कंपनी काढली. ब्रिटिशांनी इथंही भाडी पाडली. पिल्लै १९०८ मध्ये तुरुंगात गेले, कंपनी गुंडाळावी लागली, उरलेलं आयुष्य हलाखीत गेलं. जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? फरक भांडवलात होता, भागीदारांत होता, काळात होता. आपण यशस्वी माणसापासून मागे मागे जात त्याचं अपयश शोधतो आणि म्हणतो, बघा, यामुळेच घडला. तसंच अपयश येऊन तिथंच थांबलेल्यांची व्याख्यानं कुणी ठेवत नाही.

एस्क्रीस-विंकलर यांचंच २०२४ मधलं आणखी एक काम सांगतं की एकदा नापास झालेले पुढे पास होण्याचं प्रमाण आपण आहे त्यापेक्षा जास्त समजतो. याचा तोटा असा की ज्याला मदत हवी त्याला आपण मदत करत नाही. पायरीच आहे ना, चढेल आपोआप.

आशेचीही आकडेवारी आहे. अमेरिकेत आरोग्य संशोधनाच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज केलेल्या तरुण संशोधकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. थोडक्यात अनुदान मिळालेले आणि थोडक्यात हुकलेले, असे दोन गट. गुणवत्तेत जवळपास सारखे. हुकलेल्यांपैकी काही जण त्या वाटेवरून कायमचे गेले. जे टिकले त्यांचं पुढचं काम मात्र, सरासरी बघता, अनुदान मिळालेल्यांपेक्षा सरस निघालं. या निष्कर्षाचे दोन्ही भाग एका दमात सांगावेत. फक्त दुसरा सांगणारे पुष्कळ भेटतील.

हातपाय गळतात ते कशानं

लागोपाठ दोन-तीनदा आपटल्यावर माणूस काहीच करेनासा होतो. घरचे म्हणतात आळशी झालाय. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की आपण काहीही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव आला की प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहतो. ‘शिकलेली असहायता’ असं त्याचं नाव पडलं. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन पाहून आपलाच सिद्धांत उलटा केला. गळून पडणं ही मूळ प्रतिक्रियाच आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे.

म्हणून मोठ्या निश्चयांपेक्षा लहान काम आधी, ज्याचा परिणाम त्याच दिवशी दिसेल. एका उधारीचा फोन. एक सिद्धता. पहाटे उठून नवं वेळापत्रक रंगीत पेनानं आखणं यात बसत नाही; त्यात फरक काहीच पडत नाही, फक्त रंग पडतो.

सोडायचं कधी?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि ‘हार मानू नका’ म्हणणारे याला बगल देतात. सांगोल्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांनी तेल्या आणि मर रोगामुळे डाळिंबाच्या बागा उपटून टाकल्या. ज्यांनी वेळेत उपटल्या ते शहाणे की ज्यांनी आणखी दोन हंगाम औषधं मारली ते? ‘इतका खर्च झालाय, आता कसं सोडायचं’ हा विचार नेमका फसवा आहे. झालेला खर्च दोन्हीकडे सारखाच गेलेला असतो, बाग ठेवा नाहीतर काढा. आर्केस आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये हे नाटकाच्या तिकिटांवर दाखवलं. ज्यांनी हंगामाचं तिकीट पूर्ण किमतीला घेतलं होतं ते, सवलतीत मिळालेल्यांपेक्षा, सुरुवातीचे महिने जास्त प्रयोगांना गेले. नाटक तेच होतं. पैसे वसूल करायचे होते.

पुण्यात खोली घेऊन तयारी करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींना हे फार लागू पडतं. यूपीएससीनं खुल्या प्रवर्गाला ६ प्रयत्नांची मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेपर्यंत जायलाच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. मर्यादा स्वतःची, आणि ती आधी ठरवलेली असावी. निकाल लागल्यावर ठरवायला बसलात तर लाज आणि आशा मिळून निर्णय घेतील. ‘अमुक तारखेपर्यंत पूर्वपरीक्षा पार झाली नाही तर मी दुसरं काम धरणार’ हे डोकं शांत असताना लिहून, घरातल्या एकाला दाखवून ठेवावं. कार्स्टन व्रॉश यांच्या संशोधनात, जे ध्येय आता गाठता येणार नाही ते सोडू शकणारे लोक न सोडणाऱ्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले. दुसरं काही हाती धरणंही त्यांच्या अभ्यासात तितकंच महत्त्वाचं ठरतं. नुसतं सोडून घरी बसण्याचा सल्ला यातून निघत नाही.

घरच्यांनी काय करावं

पहिले दोन दिवस विश्लेषण नको. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, आणि नातेवाइकांचे फोन आई-वडलांनीच घ्यायचे. छायाप्रत, पुरवणी परीक्षेचा अर्ज यांच्या तारखा तेवढ्या बघून ठेवाव्यात, कारण त्या आपल्यासाठी थांबत नाहीत.

नंतर एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. पोराला उपदेश करण्याऐवजी त्यालाच उपदेश करायला लावा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १,९८२ शाळकरी विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. काही मिनिटं धाकट्यांना अभ्यासाबद्दल सल्ला लिहून द्यायला लावला, आणि सल्ला देणाऱ्यांचेच गुण थोडे वाढले. वाढ किरकोळ होती, पण खर्चही शून्य होता. ‘आक्का, नववीत गणिताचं काय चुकतं ते तुझ्या भावाला सांग की’ असं म्हटल्यावर जी मुलगी आठवडाभर बोलत नव्हती ती कदाचित वही काढेल. आता चूक भावाची होऊ घातलेली आहे, तिची नाही.

आणि हे सगळं चालतं ते माणूस दुःखी असेल तेव्हा. आजारी असेल तेव्हा नाही. झोप उडालीय किंवा सारखं झोपूनच आहे, जेवण सुटलंय, कशातच रस नाही, असं जवळपास रोज दोन आठवडे चाललं तर वही-पेन बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. जगण्यात अर्थ नाही असं कुणी एकदाही बोललं, चेष्टेत का होईना, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याला एकटं सोडू नये आणि १४४१६ ला फोन लावावा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. फोन ज्याला त्रास आहे त्यानंच केला पाहिजे असं नाही, आईनं किंवा मित्रानंही करून काय करायचं ते विचारलं तरी चालतं.